डब्यात न मावणारं देणं

विनिपेग, १२ ऑक्टोबर १९४७
आज ज्यूंचा स्वतःचा देश व्हावा म्हणून जमवायच्या निधीच्या निळ्या डब्यांची फेरी. सेल्कर्क अव्हेन्यू संपेपर्यंत पाय सुजले. पेस्याबाई दर शुक्रवारी दिवे लावण्याआधी डब्यात काहीतरी टाकतातच. तिन्ही मुलगे युद्धात पोलंडमध्ये मारले गेले, एकाचीही कबर नाही. म्हणाल्या, "तिघांच्या नावानं तिकडे झाडं लावायला सांग. सावली तरी पडेल कुणावर."
पिन्स्कला माहेरी आमच्या भिंतीवरही हाच डबा होता. वडील दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ.

१३ ऑक्टोबर
लायबिश पाव भाजता भाजता — "अगं फ्रूमा, तुझा देश डब्यात, माझा या भट्टीत. इथे निदान ऊब तरी आहे." लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय.

३० नोव्हेंबर
काल राष्ट्रांच्या सभेत आमच्या देशासाठी मतदान झालं. देश होणार! रेडिओपाशी मला रडू आवरेना. आज लायबिशने गिऱ्हाइकांना पाव फुकट वाटले. वर म्हणतो, "परवाचे शिळेच होते."

८ फेब्रुवारी १९४८
बायकांच्या सभेत बोलले — द्या, हात आखडू नका. घरी आले तर त्सिव्या वाट बघत बसलेली.
"आई, तिकडे नर्स हव्यात. मी नाव दिलंय."
म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? तिथे गोळ्या चालताहेत.
"लोकांच्या दारात जाऊन मागतेस ना? मग आपल्या घरातून काय देणार?"
हात उचलला होता. तसाच खाली घेतला. एकुलती एक पोर माझी.

११ फेब्रुवारी
अबोला.

२२ मार्च
महिनाभर फेरीला गेले नाही. आज पेस्याबाईच आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "पोरी, मी इकडे आले तेव्हा मुलं यायचं म्हणत होती. मीच कळवलं, इथे काम नाही, तिथेच थांबा. त्यांनी ऐकलं."
चहाही न घेता गेल्या.
संध्याकाळी त्सिव्याचे लोकरी मोजे रफू करायला घेतले. तिने पाहिलं. शेजारी येऊन बसली.

४ एप्रिल
त्सिव्याला गाडीत बसवलं. लायबिशने पिशवीभर पाव दिले. जन्मभर त्या देशाची आस धरली. आज त्याचं नावही नको वाटतं.

१६ मे
देश झाला. रस्त्यावर लोक नाचताहेत. त्सिव्याची खबर नाही. आम्ही दोघं घरातच.

२० मे
लायबिशने बेकरी विकायला काढली. मला विचारलंही नाही. म्हणाला, "तुला देशाची ओढ, मला पोरीची. दोघांना नेणारी बोट एकच."