दावं सोडा

माय,

मी कॉलेज सोडलं. खामगावला दुसऱ्या वर्षाला होतो, मध्येच परत आलो. बाबा अजून धड बोलत नाहीत. ताट पुढे सरकवतात आणि म्हणतात, "जेवा साहेब." तू असतीस तर आधी पाठीत एक धपाटा घातला असतास आणि मग गरम भाकरी वाढली असतीस, मला ते परवडलं असतं. पण हे सांगायला लिहायला बसलो नाही. तुझी ती हाक, जिच्यावरून सगळा खालचा पुरा, आपली नाल्याकाठची वस्ती, तुला हसायचा, ती या पावसाळ्यात गावानं घेतली. ते तुला कळायला पाहिजे असं सारखं वाटून राह्यलं.

मला तुझं स्वयंपाकघर आठवतं ते उन्हाळ्याच्या शेवटचं. बाहेर ऊन रणरणतं आहे, आणि तू चुलीपाशी बसून, पूर आलाच तर म्हणून, काचेच्या बरणीत काडीपेट्या, फुटाणे, गुळाचा खडा आणि बाबांची जमिनीची कागदं भरते आहेस. झाकणाभोवती मेण लावतेस. मी उंबऱ्यावर. माझ्यासमोर बाजेच्या पायाला शेळी बांधलेली आहे आणि माझ्या हातात तिचं दावं. "टोक सगळं ओढून नाही घ्यायचं रे," तू म्हणतेस, "दुमडूनच खुपस. हिसका देला का सुटलं पाहिजे. पाण्यात उभं राहून गाठी सोडत बसशीन का?" मी चुकतो. तू उलगडतेस. मी पुन्हा चुकतो. शेळी कंटाळून माझ्या सदऱ्याची बाही चघळायला लागते आणि तू हसतेस, तोंडाला पदर लावून. मग शेवटी जमतं. एक हिसका, आणि शेळी मोकळी होऊन थेट मेणाच्या वाटीत तोंड घालते.

आणि त्याच आठवड्यातला तो मार. मी अंगणात खेळता खेळता ओरडलो होतो, "पाणी आलं, पाणी आलं!" पोरं पळाली, बाया पाण्याचे पितळी गुंड घेऊन घराबाहेर निघाल्या, आणि तू मला दंडाला धरून घरात ओढलंस. त्याआधी किंवा नंतर कधी तू मला तसं मारलं नाहीस. मारून झाल्यावर तूच रडत होतीस. "हे दोन शब्द माह्या घरात कोनी बोलायचे नाहीत," म्हणालीस. कारण मग सांगितलंस. तू घाटावरची, डोणगावकडची. तिकडे विहिरीला गोड पाणी. लग्न होऊन घाटाखाली आलीस तेव्हा तुला ठाऊक नव्हतं की या खारपाण पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळ आठवड्या-आठवड्यानं येतो, आणि "पाणी आलं" अशी हाक कानावर पडली की माणूस अर्धा घास टाकून भांडं घेऊन पळतो. नव्या नवरीनं नाल्याकडे पाहिलं, वरून गढूळ लोंढा येताना दिसला, आणि ती जीव तोडून ओरडली, "पाणी आलं!" अख्खा पुरा बाहेर आला. आणि पळाला कुठे? सार्वजनिक नळावर. आपला तो नळ तेव्हाही नाल्याच्या काठालाच होता. नशीब, त्या दिवशी लोंढा काठाच्या आतच राहिला. पण तुझं नाव पडलं ते पडलंच. पाणीवाली. म्हणून तू दुसरी हाक काढलीस: दावं सोडा. इथला माणूस घर सोडून पळणार नाही, पण गोठ्यातल्या जनावरासाठी पळेल, आणि सुटलेलं जनावर चढाकडेच जाईल, त्याच्यामागे माणूसही, असं तुझं गणित होतं. दर मिरगाच्या आधी तू भर दुपारी दारात उभी राहून ओरडायचीस आणि आपण तिघं शेळी घेऊन शाळेच्या ओट्यावर जायचो. लोक म्हणायचे, "निंगाली पाणीवालीची वरात." मला लाज वाटायची. मी पाचवीत असताना तू तापानं गेलीस आणि वरात बंद झाली.

आता इकडचं ऐक. नळ तिथेच आहे. फक्त हाक मारायला आता माणूस लागत नाही, मारुतीच्या देवळावर भोंगा आहे, आणि नळ सुटला की ग्रामपंचायतीचा शिपाई त्यात सांगतो, "पाणी आलं हो, पाणी आलं." पूर आला तरी तोच भोंगा, तोच शिपाई. मी ग्रामसभेत उठून म्हणालो की हे बदला, पुराची हाक वेगळी ठेवा. एकानं विचारलं, "काऊन बे, परीक्षेत हाच परश्न आला होता का?" सगळे हसले. चक्कीवाले काका तर मांडीवर थाप मारून हसले. त्यांचं घर आणि पिठाची चक्की खालच्या पुऱ्यात अगदी शेवटी, नाल्याला खेटून. माझं डोकं फिरलं. तुला माझं डोकं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, मी देवळात शिरलो आणि भोंग्यात ओरडलो, "पाणी आलं! लवकर या, पाणी आलं!" आणि बाहेर येऊन चौथऱ्यावर उभा राहिलो. माय, काय पळाले! म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, एक तर डोक्याला मेंदी लावलेली. सगळे खाली, नाल्याच्या तोंडाशी. नळ कोरडा. मी खाली गेलो आणि म्हणालो, "आता पूर असता तर तुम्ही सगळे त्याच्या तोंडात उभे आहात." मग ज्या शिव्या मिळाल्या त्या तुला लिहून दाखवत नाही. एका आजीनं रिकामा गुंड माझ्यावर उगारला, "मुडद्या, माहे गुडघे पाह्य!" त्या गर्दीत ती होती. चक्कीवाल्यांची मुलगी. ती माझ्याच कॉलेजात होती. पहिल्या वर्षानंतर तिच्या बाबांनी तिला घरी बसवलं. पळताना तिच्या गुंडाला दगडावर आपटून पोचा पडला होता. तो माझ्यासमोर धरून म्हणाली, "एवढं सांगाले माहा गुंड चेपवा लागला का?" मी म्हटलं, "सभेत सांगितलं तर हसले सगळे." ती म्हणाली, "सभेत बुढे होते. पाण्याले पळतो आम्ही. आम्हाले सांगतलं का?"

राग उतरल्यावर मग त्याच बायांनी विषय धरला. संध्याकाळी त्या आपल्या अंगणात आल्या. गुडघेवाल्या आजीनंच तुझी आठवण काढली: "पाणीवाली काहीतरी ओरडे. काय ओरडे व ते?" मी सांगितलं. कोणी हसलं नाही. त्यानंतर मी घरोघर गेलो आणि ती गाठ शिकवली. ज्यांना मी नको होतो त्यांच्याही घरी गेलो, कितीदा हाकललं तरी गेलो. बरण्या भरून घेतल्या. गुडघेवाल्या आजीला कोण उचलणार ते तिच्या नातवाकडून वदवून घेतलं. माझ्या त्या ओरडण्यानंतर शिपायानं देवळाला कुलूप लावलं होतं; त्याच्याशी दोनदा भांडलो आणि तिसऱ्यांदा त्याला चहा पाजला, तेव्हा कुठे त्यानं देवळाची किल्ली कुठे ठेवतो ते दाखवलं. फक्त चक्कीवाले काका बधले नाहीत. "आमच्याकडे ढोर ना वासरू. आम्ही काय सोडाव? चक्कीचा पट्टा?" ती दारामागे उभी होती. तिनं माझ्याकडून दोर घेतला, एकदाच पाहिलं आणि गाठ मारली. मला शेळीबरोबर आख्खी दुपार लागली होती.

आणि मग श्रावणातली ती दुपार. आपल्याकडे लख्ख ऊन. सोनाळ्याच्या बाजूनं सातपुडा मात्र काळा पडलेला. वरच्या वस्तीतल्या मित्राचा फोन आला: "नाला फुगून राह्यला, लेका, लाकडं वाहून आणून राह्यला." मी देवळाकडे पळालो. भोंग्यात ओरडलो, "दावं सोडा!" पुन्हा ओरडलो. पुन्हा. देवळाच्या दारातून दिसत होतं: गोठ्यांतून जनावरं निघाली, हिसक्यासरशी, आणि चढाला लागली. मागून माणसं. नातवाच्या पाठीवर आजी, त्याला वरून शिव्या देत. पुरा रिकामा होत होता, पण शेवटच्या घरातून कोणी निघेना. मी भोंगा सोडून खाली पळालो. काका चक्कीची मोटर वाचवायला बसले होते, पाना घेऊन, एकेक नट खोलत. ती दारात. "बाबा, चाला ना. बाबा!" मी दंडाला हात घातला तर मला ढकललं त्यांनी. "हात लावू नको बे! ही मोटर गेली तर खाऊ काय आम्ही?" नाल्याचा आवाज तोवर बदलला होता. आणि तेव्हा ती ओरडली, भांडत नव्हती, विनवत नव्हती, भोंग्यासारखी सपाट ओरडली, "बाबा, दावं सोडा!" काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या पान्याकडे. पाना खाली ठेवला आणि उठले. आम्ही गुडघाभर पाण्यातून निघालो, आणि शाळेच्या ओट्यावर पोहोचून मागे वळलो तेव्हा नळ दिसत नव्हता. चक्कीचा पत्रा तेवढा दिसत होता.

माणूस गेलं नाही, माय. जनावरही नाही. मोटर गाळातून काढली आहे, मी आणि काका रोज ती उन्हात सुकवतो. ते बोलत नाहीत, पण पाना मागतात. नळ वर हलवावा म्हणून मी अर्ज दिला आहे, आणि तो हलेपर्यंत पंचायतीत जाऊन बसणार आहे. बाबा कितीही साहेब म्हणोत. पुढच्या मिरगाच्या आधी पुन्हा वरात काढायची, भर दुपारी, या वेळी अख्ख्या गावाची. आता मला लाज वाटत नाही.

एक राहिलं. भोंग्यात शेवटच्या वेळी मी नुसतं "दावं सोडा" म्हणालो नाही. पुढे तिचं नाव घेतलं. अख्ख्या गावानं ऐकलं. ओट्यावर ओल्या ओढणीचं पाणी पिळत तिनं विचारलं, "गाव एवढं मोठं, न माहंच नाव काऊन घेतलं बे?" मी म्हणालो, तुमचं घर शेवटचं आहे म्हणून. गावालाही तेच सांगितलं, बाबांनाही. त्यांना ते पटलंही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुझ्या बरणीत, काडीपेट्यांखाली ठेवतो आणि झाकणाला मेण लावतो. तिचं घर शाळेला लागून, सगळ्यात उंचावर असतं, तरी मी तेच नाव घेतलं असतं.