मिस ऑक्टावियाला दिलेली किळस

१९ ऑगस्ट

मिळाला एकदाचा प्रवेश! कॉलेजातल्या बाईंनी वाइनच्या रंगाचे दोन गणवेश हातात ठेवले, आणि घरी जाईपर्यंत कुठला धीर, पार्किंगमध्येच एक अंगावर चढवून पाहिला. एक वर्ष काढायचं, परवान्याची परीक्षा द्यायची, की झाले मी प्रॅक्टिकल नर्स. घरी सांगितलं तर माझी थोरली बहीण एलोडी हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. म्हणाली, कॉरीन आणि नर्स? अगं, दूध उतू गेलं तरी तुला उमासे येतात!

खोटं नाही ते. कोळंबीच्या बोटीवर तीन पिढ्या जगलेल्या घरात जन्मून मला कोळंबी सोलता येत नाही. क्रॉफिश, म्हणजे आमचे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडले की बायूच्या दलदलीच्या खाडीकाठचं सारं गाव डोकी मोडून आतला पिवळा रस चोखतं, आणि मी मका-बटाटे खाऊन उठते. पप्पा म्हणतात, ही पोर इस्पितळात नक्की कोणाशी तरी बदलली गेली.

पण हसणं थांबलं की पप्पांचा पाय उरतोच. साखरेपायी दोन बोटं गेली, आता टाचेला घाव आहे. रोज संध्याकाळी एलोडी पट्टी बदलते आणि मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहते, म्हणजे काही ऐकू येऊ नये. एलोडीच्या नवऱ्याला टेक्सासमध्ये काम लागलंय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ते निघतील. घरी येणाऱ्या नर्सबाईला पप्पांनी दारातूनच परत पाठवलं, परक्या बाईपुढे पाय उघडा टाकणार नाही म्हणाले. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, पट्टीत हयगय झाली तर गुडघ्यापासून कापावा लागेल. तेव्हा एलोडी जायच्या आत मला हे जमलंच पाहिजे.

४ सप्टेंबर

आमच्या बाई मिस डेलोरिस. सगळा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. पहिल्याच दिवशी बजावलं की औषध चुकलं तर डॉक्टर आहे, चेहरा चुकला तर कोणी नाही. म्हातारं माणूस आधीच शरमेनं अर्धं झालेलं असतं, तुम्ही नाक मुरडलंत की ते उरलेलंही संपतं. म्हणून चेहऱ्याचा शेरा वेगळा. तीन वाईट शेरे पडले की घरी.

मला पहिला शेरा आजच मिळाला, तोही पुडिंगवरून! मिस डेलोरिसनी रबरी बाहुलीच्या लंगोटात चॉकलेट पुडिंग आणि शेंगदाणे भरले होते. मी ओक्क करून मागे सरले. सगळा वर्ग खिदळला. माझ्या शेजारी बसणाऱ्या जोलीन फ्रुजेने तर बोट बुडवून चाटून दाखवलं. हुशार आहे कार्टी, आणि मनाने चांगली. तिने मला मास्कच्या आत पुदिन्याचं तेल लावायची युक्ती सांगितली.

१८ सप्टेंबर

वृद्धाश्रमातला पहिला गुरुवार. आता प्रात्यक्षिकाला दर गुरुवारी इथेच.

दारातच वास आला. उकडलेला कोबी, मूत, आणि त्यावर फवारलेलं फुलांचं अत्तर. अत्तराने तो आणखी घाण झाला होता. पुदिन्याचं तेल काही कामाचं नाही, मूत अधिक पुदिना एवढाच फरक. सात नंबरच्या आजोबांची कवळी धुवायला दिली. ग्लासातल्या पाण्यावर साय धरली होती. कवळी उचलली तर तिच्याबरोबर एक लांब, चिकट तार वर आली, तुटेचना, आणि माझ्या मनगटावर पडली. मी तिथेच बेसिनमध्ये ओकले. आजोबांनी मान भिंतीकडे वळवली.

दुसरा शेरा. आता एकच हातात आहे. घरी आल्यावर मनगट तीनदा घासलं तरी तार तिथेच आहे असं वाटतंय.

२५ सप्टेंबर

आज मिस ऑक्टावियाकडे पाठवलं. बायूच्या बाजूची शेवटची खोली. खाटेखाली कॉफीच्या चुऱ्याचा ट्रे ठेवलेला, वास ओढून घ्यायला. बाई लहानखुरी, चंदेरी केस नीट विंचरलेले, आवाज अगदी मऊ. कमरेखाली माकडहाडावर घाव आहे. वर्षानुवर्षं भरत नाही आणि बाई मरतही नाही. दर वर्षीच्या मुली तिच्यावरच तयार होतात, असं मिस डेलोरिस मोठ्या अभिमानाने सांगत होत्या.

पट्टी काढली. माझी मूठ आत जाईल एवढं भोक. कडा राखाडी, ओल्या पुठ्ठ्यासारख्या. आतून हिरवट पाणी झिरपत होतं, आणि वास असा की डोळ्यांत पाणी आलं. आतली जाळीची पट्टी चिमट्याने ओढत होते, ती येतच राहिली, येतच राहिली. ओकारी घशाशी आली. तेवढ्यात मिस ऑक्टावियाने वळून न बघताच माझं मनगट धरलं.

म्हणाली, लाजू नको गं बाळे, मला सवय आहे या चेहऱ्यांची. तू सांग बघू, जगात तुला सगळ्यात घाण काय वाटतं? ते मला देऊन टाक.

म्हाताऱ्या माणसाची लहर, म्हणून मी कवळीच्या ग्लासाचं सांगितलं. सायीचं, तारेचं. तिने डोळे मिटले, प्रालीनची वडी घोळवावी तसं तोंडात घोळवलं आणि गिळलं. मग म्हणाली, छान होती.

काय विचित्र बाई!

२ ऑक्टोबर

देवाशप्पथ लिहिते. आज सात नंबरची कवळी धुतली आणि काही म्हणजे काही वाटलं नाही. साय, तार, सगळं तेच. मला जणू पेला विसळायला दिला होता. मिस डेलोरिसनी पाठ थोपटली.

मी धावतच शेवटच्या खोलीत गेले. आज ओकारीचा वास दिला. उशीखालचे थुंकीचे रुमाल दिले. मिस ऑक्टाविया प्रत्येक गोष्ट चवीने खात होती आणि मध्येच विचारत होती, अजून? जोलीनही तिला देते. तिने तर पहिल्याच आठवड्यात सगळं देऊन टाकलं म्हणे. तिला वर्गात पहिलं यायचंय.

९ ऑक्टोबर

आज मी पप्पांचा पाय दिला. तिला सगळं सांगितलं, टाचेचं काळं कातडं, मोज्याला चिकटून येणारा पापुद्रा, आणि मी नळ सोडून उभी राहते तेही. तिला ते फार आवडलं. ओठ पुसले तिने.

संध्याकाळी एलोडीला म्हटलं, तू बस, आज मी. पट्टी सोडली, धुतलं, औषध भरलं, बांधलं. चेहरा हलला नाही. पप्पा माझ्याकडे बघतच राहिले आणि मग रडायला लागले. वादळात बोट गेली तेव्हासुद्धा हा माणूस रडला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या सुखाने मी कधी झोपलेच नसेन.

१६ ऑक्टोबर

सकाळी न्याहारीला दूध प्यायले. पेला रिकामा केला आणि एलोडी किंचाळली. दूध नासून त्याच्या गाठी झाल्या होत्या. मी त्या चावून खाल्ल्या होत्या. चवीला मला काहीच वेगळं लागलं नाही. पण दूध तर मी मिस ऑक्टावियाला कधी दिलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत जोलीनने बूदँ, आमचं भाताचं सॉसेज, खाल्लं, हातात पट्ट्या बदलतानाचेच हातमोजे. मी ओरडले तेव्हा तिने हातमोज्याकडे पाहिलं, त्यावरचा पिवळा डाग अंगठ्यासकट चोखला, आणि विचारलं, काय झालं?

किळस यायला हवी होती. मी वाट पाहिली. आली नाही.

२३ ऑक्टोबर

मिस ऑक्टावियाचा घाव भरतोय. आता जेमतेम बोटभर खोल, कडा गुलाबी. उठून खुर्चीत बसते. तिने आज सूपचा वाडगा परत पाठवला, म्हणाली, छी, कसला उग्र वास! वृद्धाश्रमात सगळ्यांना आनंद झाला, बाईची तब्येत सुधारली म्हणून.

मला मात्र तिच्या घावाचा वास आता वेगळाच येतो. गोड. उन्हात पिकून फुटलेल्या अंजिरांचा. आज जुनी पट्टी कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायची होती, ती मी हातात धरून उभीच राहिले. किती वेळ, कोण जाणे. तोंडाला पाणी सुटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते. एवढी तरी अजून वाटते.

३० ऑक्टोबर

जोलीन सापडली. घाण-कपड्यांच्या खोलीत, दार लावून. लाल पिशव्या फाडलेल्या, आणि ती जमिनीवर मांडी घालून बसलेली. हनुवटी ओली. हातात दिवसभराच्या पट्ट्या. चघळत होती. मला बघून सरकली आणि शेजारी जागा केली.

जागा केली तिने माझ्यासाठी! मी पळाले, पण आधी एक पाऊल पुढे टाकलं होतं. ते मला माहीत आहे.

मिस डेलोरिसना सांगितलं, तर त्या शांत होत्या. म्हणाल्या, दर वर्षी एखादी अशी जाते. बाकीच्या छान नर्स होतात.

६ नोव्हेंबर

मिस ऑक्टावियाकडे गेले, हात जोडले. म्हटलं, माझी किळस परत दे. निदान पायाची तरी परत दे. पप्पा घरी आहेत, एलोडी जाणार आहे, पट्टी मीच बदलणार.

ती खिडकीशी स्वतःच्या पायांवर उभी होती. घाव बंद. वळून तिने मला पाहिलं आणि नाक मुरडलं. अगदी माझ्यासारखं. रुमाल तोंडाला लावला. म्हणाली, लांब हो गं, तुला वास मारतो. खाल्लेलं कोणी परत देतं का?

मग तिला खरंच ओकारी आली. माझ्याकडे बघून.

१३ नोव्हेंबर

एलोडीला सांगितलं, जाऊ नको. सगळं सांगितलं. ती म्हणाली, झाली पुन्हा नाटकं सुरू? महिनाभर छान करत होतीस! पप्पा आतून ऐकत होते. जेवले नाहीत. त्यांना वाटलं, पोरीला पुन्हा त्यांच्या पायाची घाण वाटायला लागली.

तशी वाटली असती तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती.

कॉलेज सोडलं. त्याने काही फरक पडत नाही.

२२ नोव्हेंबर

एलोडी गेली. फाटकाशी मला मिठी मारून म्हणाली, तुझ्यावर सोडून जातेय.

पट्टी बदलताना मास्क घालते. एकावर एक दोन. चिकटपट्टीने गालांना चिकटवते, चारी बाजूंनी. पप्पा हसतात, बँक लुटायला निघालीस का म्हणतात. मी श्वास धरून पटपट उरकते. तरीही अंजिरं. सगळं घर अंजिरांनी —

२४ नोव्हेंबर

घरी येणाऱ्या नर्सबाईला बोलावलं. पप्पांनी दार लावून घेतलं. माझी मुलगी आहे, म्हणाले. नाक मुरडत नाही ती.

आज पट्टी बांधून झाल्यावर आरशात पाहिलं. एका गालावरची चिकटपट्टी सुटली होती. मी सोडल्याचं आठवत नाही. पट्टी बांधल्याचंही नीट आठवत —

२५ नोव्हेंबर

पप्पांना डॉक्टरांकडे नेलं. वाटलं, ठेवून घेतील. घाव पाहून डॉक्टर खूश. मेलेलं मांस कुठेच नाही, कडा लख्ख. म्हणाले, इतकं चाटूनपुसून साफ केलेलं मी इस्पितळातसुद्धा पाहिलं नाही, कोण करतं हे?

पप्पांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. पाय बधिर आहे. त्यांना टाचेत काहीच कळत नाही. वर्षं झाली.

घाव मात्र मोठा झालाय, असंही डॉक्टर म्हणाले. जरासा. तो का, ते त्यांना —

मला कळतं.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की भाजली, भात, रताळी. पप्पांनी प्रार्थना म्हटली, माझं नाव घेतलं. मी घास तोंडात घालू शकले नाही. टर्कीला वास नाही. रताळ्यांना नाही. घरात एकाच गोष्टीला —

चिकटपट्टी संपली. दुकानं बंद.

पप्पांनी पाय स्टुलावर ठेवलाय. हाक मारतायत. मी म्हटलं, थांबा, लिहितेय. एलोडीचा फोन वाजतोय. उचलायला हवा. सांगायला हवं की आत्ताच्या आत्ता कोणालातरी पाठव, पोलिसांना, कोणालाही —

थांबला फोन.

पट्टी त्यांनी स्वतःच सोडली. म्हणतात, ये गं बाळ, तुझ्यापुढे मला कसली लाज.

मास्क काढला. नुसता वास घेण्यासाठी. जवळून. नुसता —