मामीच्या गाण्याचे कुलूप

अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
९ ऑगस्ट

चिरंजीव वीरेंद्र यास भोजराजमामाचा साष्टांग नमस्कार आणि अनेक आशीर्वाद. (आपल्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायचे असते, म्हणून साष्टांग, तू माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, म्हणून आशीर्वाद. दोन्ही पोचले असे समज.) इकडे सर्व खुशाल. पाऊस बरा आहे, धानाचे रोवणे आटोपले, म्हशीचा पाय सुधारला. तुला आणि दीपमालाला पुण्याचे पाणी मानवले का? हे फोनवरच विचारले असते, पण फोनवर तू "मामाजी, मिटिंगमधी आहो" म्हणतोस, आणि मला जे सांगायचे आहे ते दोन मिटिंगांच्या मधल्या फटीत मावणारे नाही. म्हणून पत्र. ते चहा घेत सावकाश वाच आणि रागाव. मी तर दोन महिने रागावलेलोच आहे.

तू बारावीत होतास त्या वर्षी शहरातून चार जण माईक घेऊन आले होते आणि शाळेच्या व्हरांड्यात बसवून त्यांनी तुझ्या देवकामामीची रोवण्याची पाच गाणी भरून नेली होती, ते तुला आठवत असेल. तेव्हा मामी आमच्या धानाच्या बांधीत गायला लागली की तीन शेतांचे धुरे ओलांडून पलीकडच्या बायांचे हात तिच्या चालीवर पडत. (मी तर आधी आवाज पसंत केला होता, मुलगी नंतर पाहिली.) पुढे ती गाणी 'गानपेठ' नावाच्या इंटरनेटवरच्या दुकानात विकायला आली आणि मी ती रीतसर विकत घेतली. स्वतःच्या बायकोचे गाणे परक्याच्या दुकानातून घेणारा अड्याळात मीच पहिला. पण घरात बाई जिवंत गात असताना कॉम्प्युटर कोण लावतो? गाणी माझ्या धानाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या त्या जुन्या डब्यात पडून राहिली. मग तीन वर्षांमागे आजाराने मामीचा गळा धरला, इलाज झाला, जीव वाचला, आवाज मात्र फाटला तो फाटलाच. तेव्हापासून ती रोवण्याला येते आणि खाली मान घालून धानाच्या रोपांचे परे लावते. तिला वाईट वाटेल म्हणून बाकीच्या बायाही गात नाहीत. तीन वर्षे आमच्या बांधीत फक्त चिखलाचा आवाज.

यंदा जूनमध्ये कॉम्प्युटर उघडला तर 'गानपेठ'ची चिठ्ठी आलेली: दुकान ३१ जुलैला कायमचे बंद, आधी घेतलेली गाणीही त्यानंतर वाजणार नाहीत, आजवरच्या प्रेमाबद्दल आभार. मी म्हटले, दुकान बंद करा, मला काय त्याचे? गाणी पेन ड्राइव्हवर घेतली आणि आपल्या स्पीकरला लावली. स्पीकर गप्प. तेव्हा एसटीने भंडाऱ्याला गेलो. तिथे स्टँडजवळ अंकुशचे मोबाईलचे दुकान आहे. कोणत्याही जातीचे गाणे असो, हा पोरगा त्याचे एमपीथ्री करून देतो अशी त्याची ख्याती. त्याने तीन प्रकारे खटपट केली आणि हात टेकले.

"काकाजी, याले कुलूप आहे. तुमच्या त्या एकाच कॉम्प्युटरवर वाजते. दुसऱ्या रूपात बदलूच देत नाही."

"अरे, पण म्या विकत घेतलं ना बे!"

"गाणं नाही घेतलं जी तुमी. ऐकाची परवानगी घेतली."

वीरेंद्र, मी त्याच बाजारातून पाणी भरायचा पितळेचा गुंड घेतला आहे. घेताना दुकानदाराने मला असे सांगितले नाही की यात फक्त तुमच्याच विहिरीचे पाणी भरा, आणि माझे दुकान बंद झाले की गुंडाचे तोंड आपोआप मिटेल! मी तिथेच बाकावर बसून हे सर्व मोठ्याने बोललो. (घरी यायची पवनीची गाडी चुकली, पण चार माणसे माझ्या बाजूने झाली.) घरी येऊन गुंजनकडून, म्हणजे तुझ्या मामेबहिणीकडून, कंपनीला कडक पत्र लिहवून घेतले. आठ दिवसांनी उत्तर आले, की हे कुलूप गायिकेच्या हक्कांच्या रक्षणासाठी आहे. गायिका त्या वेळी माझ्यासमोर लसूण सोलत होती. मी तिला विचारले, तुझे रक्षण होऊन राहिले काय? ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, आधी जेवून घ्या.

मी जेवलो, पण हटलो नाही. गाणे एकाच कॉम्प्युटरवर वाजते ना? मग कॉम्प्युटरच बांधीत नेऊ! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली, तिच्यावर डबा, पडदा, घरची इन्व्हर्टरची बॅटरी, आणि वरून ताडपत्री धरून मी उभा. रस्त्याने लोकांना वाटले, टीव्ही आंदणात चालला. धुऱ्यावर सगळे जोडले, गाण्यावर बोट ठेवले, तर पडद्यावर आले की ओळख पटवण्यासाठी इंटरनेट जोडा. आपल्या बांधीत इंटरनेट! बारा बाया कमरेवर हात ठेवून हसल्या. मामी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "कायले जीव टाकून राहिले जी तुमी? आवाज गेला तो गेला." हे मला कुलपापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचे शटर ओढले, पंखा बंद केला, कॉम्प्युटरवर गाणे लावले आणि गुंजनने समोर मोबाईल धरून ते भरून घेतले. कुलूप फाइलला असेल, हवेला थोडेच आहे? पहिल्या खेपेस बाहेर सुकट विकणारा ओरडला. दुसऱ्या खेपेस मीच शिंकलो. (घामाने नाक हुळहुळत होते, गुंजन मला बाहेर काढणार होती.) तिसऱ्या खेपेस मामी पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दाराने आत आली आणि उभीच राहिली. दुसऱ्या कडव्याला ती नकळत गुणगुणायला लागली, फाटक्या आवाजात, पण चाल पक्की. गुंजनने हात हलवला नाही आणि मी श्वास घेतला नाही. गाणे संपल्यावर मामी म्हणाली, "असा होता काय जी माहा आवाज?" मी म्हटले, असाच आहे. मग मी पोती मोजायच्या निमित्ताने मागे गेलो.

तेच तिसऱ्या खेपेचे आम्ही ठेवले. तीस जुलैला बांधीत लावले. जुनी देवका आणि आताची देवका दोघी एकदम गायल्या तेव्हा बायांचे हात थांबले, आणि मग बारा गळे असे सुटले की संध्याकाळपर्यंत दोन बांध्या जास्त रोवून झाल्या. एक ऑगस्टला 'गानपेठ'ची गाणी मुकी झाली. आमचे वाजून राहिले आहे. तुझ्या ओळखीत त्या धंद्यातले कोणी असेल तर त्याला माझे नाव सांग. पत्ता वर स्पष्ट लिहिला आहे. गाणे काय डब्यात कोंडायची वस्तू आहे? गाणे ज्याच्या कानावर पडले त्याचे झाले, हे मी कोणत्याही कोर्टात उभा राहून सांगायला तयार आहे.

तुझा,
भोजराजमामा

ता. क. : मुख्य काम राहिलेच. शेजारच्या गावातल्या कवडू बँडवाल्याने आमचे हे गाणे कुठून तरी मिळवले आहे आणि मला न विचारता सगळीकडे वाजवून राहिला आहे. लोक त्याला 'कवडूचे गाणे' म्हणायला लागले! तू कॉम्प्युटरमधला माणूस. आपल्या फाइलला एखादे पक्के कुलूप बसवून दे. अंकुशलाही उघडता येऊ नये असे.

ता. क. दुसरा : वीरेंद्र बाबू, तुह्या मामानं पाकीट चिकटवाले मले देलं म्हणून लिहून राहिली. कुलूप पाठवू नको. कवडूले गाणं मीच देलं. पवनीच्या बायांले देलं, चिखला गावच्या बहिणीले देलं. तुह्या फोनवर बी गुंजनले पाठवाले लावलं आहे, दीपमालाले ऐकव. मामाले सांगू नको. — देवकामामी