वलसाडहून परत

प्रिय अहो,

नाव लिहून बघितलं आणि खोडलं. सतरा वर्षांत कधी घेतलं नाही, आता पत्रात कुठे घेऊ?

काल ऑफिसात तुमची शोकसभा झाली, म्हणून लिहायला बसलेय. सामंत भावजी बोलले. इतकी वर्षं बेलापूरला तुमच्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा माणूस. मग त्यांनी आपल्या दोघांच्या चालण्याची गोष्ट काढली. वाशीहून पायी निघालेलं जोडपं, इस्तंबूलपर्यंत, म्हणजे आशिया संपतो तिथपर्यंत. "वहिनींचा पाय मुरगळला नसता तर हा माणूस पोचला असता," असं ते म्हणाले आणि अख्खा हॉल माझ्या पायांकडे बघायला लागला. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पुढे म्हणाले, दर वर्षी तुमच्या नावाने पदयात्रा काढू. पाय बरा असेल तर पहिलं पाऊल वहिनींनी टाकावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. महिनाभर माणसं येतायत, चहा होतोय, तेच तेच सांगतेय. दमलेय हो मी.

तुम्हाला आठवतं, कल्पना माझीच होती? दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं, डॉक्टरांनी आता पुन्हा नको म्हणून सांगितलं, तेव्हा मी खिडकीशी बसून म्हणाले होते, "कुठेतरी लांब चालत जाऊ या." मला फक्त त्या घरातून उठायचं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी नकाशा आणलात. गुजरात, राजस्थान, पंजाब, वाघा, मग पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान. पेन्सिलची रेघ जेवणाच्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मी हसले होते. कितीतरी महिन्यांनी.

मग दोन वर्षं आपण तयारीच केली. पासपोर्ट झाले, मी शाळेत रजेचा अर्ज दिला. कितीजणांना तुम्ही पत्रं लिहिलीत! रविवारी सराव म्हणून वाशीहून करावे गावापर्यंत चालायचो, पाठीवर तांदूळ भरलेल्या पिशव्या घेऊन. तिथे खाडीकाठी जाळं सोडवत बसलेली ती कोळीण दर वेळी विचारायची, कुठं चाललाव? एकदा तुम्ही तिला सगळा रस्ता समजावून सांगितलात. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाय, तुला जावाचा हाय, का यालाच?"

मी म्हणाले, दोघांना. तेव्हा ते खरं होतं का? मला वाटतं अर्धं होतं. चालायला जायचं मला आवडायचं, तुमच्याबरोबर तो नकाशा बघत बसायचं त्याहून आवडायचं. निघायची तारीख जवळ आली तशी मी कॅलेंडरकडे बघायचं टाळायला लागले. पण तोवर ऑफिस, शाळा, बिल्डिंग, सगळ्यांना माहीत झालं होतं. आणि तुम्ही इतके खूश होतात.

सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात निघालो. घोडबंदर, मनोर, तलासरी, वापी. ट्रकवाले हात करायचे. शाळांच्या व्हरांड्यात मुक्काम. तुम्ही रोज वहीत लिहायचात आणि मी रोज स्वयंपाकघरातल्या ओट्याचा विचार करायचे. आपला ओटा, त्यावर सकाळी पडणारं ऊन. जे घर नको म्हणून निघाले, तेच हवं झालं. दहाव्या दिवशी वलसाडच्या अलीकडे मी एका मैलाच्या दगडावर बसले आणि उठेना. तुम्ही विचारलंत, काय झालं?

"पाय मुरगळला," मी म्हणाले.

तुम्ही उजव्या घोट्याला क्रेप बँडेज बांधलंत. माझीही पिशवी खांद्यावर घेतलीत. वलसाडला दोन दिवस थांबलो, मग परत जायचं तुम्हीच ठरवलंत. गाडीची वाट बघताना मी नळावर पाणी प्यायला गेले आणि लंगडत परत आले. डाव्या पायाने. तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा ध्यानात आलं.

तुम्ही खाली बसलात, उजव्या पायाचं बँडेज सोडलंत आणि सावकाश डाव्याला बांधलंत. "आता बरं वाटेल," एवढंच म्हणालात.

तिथेच का नाही ओरडलात माझ्यावर? निदान विचारायचं तरी. तुम्ही विचारलं असतं तर मी सगळं सांगून टाकलं असतं. पण तुम्ही ऑफिसात पायाचंच सांगितलंत, तुमच्या आईंनाही पायाचंच. मग मला तो पाय सांभाळावा लागला. रविवारी तुम्ही करावेला एकटे जायला लागलात. दारातून म्हणायचात, तू राहू दे, पायाला त्रास नको. आणि मी घरी बसायचे. आठ वर्षं बसले. खाडीपर्यंत तुमच्याबरोबर यायला मला किती आवडलं असतं!

दोन वर्षांनी इराण, अफगाणिस्तान पेटलं. पेपर वाचून मला हायसं वाटलं. तिथे माणसं मरत होती आणि मला हायसं वाटलं, हेही आज लिहून टाकते. तुम्ही पेपराची घडी घालून म्हणालात, बरं झालं, गेलो असतो तर अडकलो असतो. ते माझ्यासाठी म्हणालात ना? माझी सुटका करायला? त्या दिवशी मी भाजीचं निमित्त करून खाली गेले आणि जिन्यात रडले.

आपण एकमेकांना इतकं जपलं की साधं बोलायचं राहून गेलं. तुम्ही ऑफिसात टेबलाशीच गेलात. निरोप घेऊन सामंत भावजीच आले, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मला वाटायचं, रिटायर झाल्यावर कधीतरी सांगू. तेव्हा तुम्ही हसाल.

रविवारी भावजी पदयात्रेचं ठरवायला येणार आहेत. मी येणार नाही म्हणून सांगेन. चालायचं असेल त्यांनी चालावं. आणि ह्या वेळी पायाचं निमित्त काढणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द. सांगेन की पायाला काहीच झालं नव्हतं. मला घरी यायचं होतं, ते ह्यांना कळलं आणि ह्यांनी मला घरी आणलं.

तुमची,
सुमन