वाणाचा कार्बन फूटप्रिंट

१ जानेवारी
संकल्प : यंदा घरात प्लॅस्टिक नाही. गेल्या वर्षी बदली होऊन जयपूरला आलो, तेव्हा अलकाने मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांचं वाण घेतलं. या संक्रांतीला आपल्या घरचं पहिलं हळदीकुंकू. ती धास्तावलीय. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटणार होती! वेळीच रोखलं. किलोभर प्लॅस्टिक म्हणजे अंदाजे दोन किलो कार्बन. तिला माहीत नव्हतं. मलाही कालच कळलं, पण ते वेगळं.
सव्वीस जानेवारीला मंडळात पर्यावरणावर वक्ता हवाय म्हणे. माझ्याशिवाय आहे कोण?

२ जानेवारी
स्वयंपाकघरातले सगळे प्लॅस्टिकचे डबे पोत्यात भरून माळ्यावर टाकले. निम्म्यांची लेबलंसुद्धा निघाली नव्हती. सगळी लोकांची वाणं. अलकाने विचारलं, तीळगूळ कशात ठेवू? स्टीलच्या डब्यात, म्हटलं. एकच आहे, त्यात रवा आहे म्हणे. क्रांतीत असं होतंच.

४ जानेवारी
गाडी काढून अजमेर रोडवर तीसेक किलोमीटरवरच्या बगरू गावाला. वाणासाठी हातछपाईच्या कापडी पिशव्या, नैसर्गिक रंग. छपाईवाले सुखदेवजी म्हणाले, हो जाएगा साब.

८ जानेवारी
पुन्हा बगरू. लाल की निळा, हे फोनवर ठरत नाही. मैत्रेयीने हिशेब मांडला : मतलब बाबा, एक लिटर डिझेल जाळलं की अडीच किलोच्या वर कार्बन. दोन खेपांत आठ-नऊ लिटर. आणि आईचे सगळे डबे मिळून दोन किलोसुद्धा भरले नसते. मी शांतपणे समजावलं, की आपला विषय प्लॅस्टिक आहे. इंधन हा स्वतंत्र विषय. शिवाय धूर अजमेर रोडवरच राहतो, घरात येत नाही.

११ जानेवारी
धुक्यामुळे रंग वाळेना. चौदाला स्वतः जाऊन घेऊन येतो. अलका म्हणाली, त्या दिवशी इथे कोणी काम करत नाही. मी म्हटलं, माझ्यावर सोड. तिने नुसतं माळ्याकडे बघितलं.

१४ जानेवारी, दुपार, बगरू
कारखान्याला कुलूप. सुखदेवजी गच्चीवर, हातात मांजा. पिशव्या तयार आहेत, किल्ली भावाकडे आहे, भाऊ कुठल्यातरी गच्चीवर पतंग उडवतोय. सात गच्च्या चढलो. सगळीकडून ‘वो काटा!’ मलाच उद्देशून वाटत होतं.

संध्याकाळ
रिकाम्या हाताने आलो. घराजवळ सोडाल्यातली दुकानंही बंद. जिना चढून दाराशी थांबलो. मी बायकोला चार बायकांत तोंडघशी पाडलं, खरंच वाईट वाटलं.
आत हशा. अलकाने पोतं उतरवून, डबे घासूनपुसून, तीळगूळ भरून तेच लुटले होते. मंडळातल्या साधनाताईंना त्यांचाच डबा परत गेला. संपलं, म्हटलं. तर त्या म्हणाल्या, अगं हेच खरं पर्यावरण, पुढच्या वर्षी सगळ्यांनी असंच करायचं. मैत्रेयी म्हणाली, नवीन प्लॅस्टिक शून्य. माझ्याकडे बघून म्हणाली.
मुळात डबे माळ्यावर कोणी जपून ठेवले होते? हे कोणी लक्षात घेत नाही.

१६ जानेवारी
मंडळाचा फोन. घसा खाकरून घेतला. सव्वीसच्या भाषणासाठी अलकाला बोलावलंय.
मी मोठ्या मनाने म्हटलं, गाडीने सोडतो. ती म्हणाली, साधनाताईंबरोबर ई-रिक्षाने जाईन. तुम्ही घरीच थांबा, तेवढाच फूटप्रिंट कमी.