परत जायची कळ

४ नोव्हेंबर
प्रतिभा, तव्यावर भाकरी टाकून शेजारी गप्पांना जाणारी तू, तुला आईची आठवण काय राहणार? म्हणून ही रोजनिशी. मी सांगते, माझी नात, तुझी भाची हर्षाली लिहिते. वही भरली की तुला चांदवडला पाठवीन.
नाशकात सुखरूप पोचले. हर्षालीचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, गॅलरीत ऊन येतं. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, म्हणजे मागून आलेलं बाहेरच राहतं. हिच्याकडे भाकरी कुठली! बिस्कीट ओवाळलं आणि टाकायचं सोडून चहात बुडवून स्वतःच खाल्लं. पोट दुखेपर्यंत हसले मी.

६ नोव्हेंबर
चांदवडच्या घराचं सारखं बोलते म्हणून हर्षालीने शब्द शिकवला, नॉस्टॅल्जिया. कॉलेजात इंग्रजी शिकवते ना ती. म्हणे घरी परतणं आणि वेदना, असे दोन ग्रीक शब्द एका डॉक्टरने जोडले. परमुलखातले शिपाई या दुखण्याने झुरून मरायचे. म्हटलं, गोळी नाही सापडली, नाव तेवढं भारी सापडलं.
सासूबाई आठवल्या. इथल्याच दवाखान्यात गेल्या, घरी न्या, घरी न्या करत. अग्नीही इथेच दिला.

८ नोव्हेंबर
हर्षाली कॉलेजला गेली नाही. दुपारभर गॅलरीत उभी, तोंड चांदवडकडे. मला विचारलं, कांद्याची लागवड झाली का, आता तरी नेशील का.
लागवड होऊ द्या, मग नेते, असं मी दवाखान्यात सासूबाईंच्या कानात म्हटलं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. हर्षाली तेव्हा जन्मलीही नव्हती.

१० नोव्हेंबर
मला सूनबाई म्हणाली. भाकरी थापून ओवाळायला गेले तर मनगट धरलं. पकड सासूबाईंची — नखं तशीच रुतली —

११ नोव्हेंबर
मी गप्प बसले तरी पेन चालूच. काय लिहिते? मला अक्षर येत नाही. वाच म्हटलं तर नुसती हसते. प्रतिभा, सासूबाई हर्षालीला घेऊन जायच्या आत तू ये. चूक माझी, पोरीची नाही — माझी पोर —

१२ नोव्हेंबर
सून आता बोलत नाही. तिने सांगितलं तेवढं मी लिहिलं, पुढचं माझं. पोरीचे पाय मजबूत आहेत. वही आधी धाडते, परवा दुपारच्या एसटीने घरी येते. प्रतिभे, वेशीवर कुळथाची आमटी आणि भात पाठव, बिनमिठाचा, गेलेल्यांना मीठ चालत नाही. एकाच माणसापुरता. पोरीसाठी काही करू नकोस, ती आता —