आबांच्या रंध्याचं पातं

न्हावरे, १२ मार्च १९७४

आजही आबांच्या रंध्यानं दाराच्या फळीवर डावीकडं चरा पाडला. पातं पुन्हा घासलं, पाचर घट्ट ठोकली, तरी चरा आहेच! शेवटी रंधा उलटा करून तळाला सरळ पट्टी लावून पाहिली, तर तळच डावीकडं झिजलेला.

उजवं अंग लुळं पडल्यापासून आबा खाटेवरच असतात. त्यांना दाखवलं. म्हणाले, "माझा जोर डावीकडं पडायचा. तळ झिजंल तसं मी पातं तिरकं घासायचो, म्हंजे चरा पडायचा न्हाई. तू सरळ केलंस व्हय?"

केलं. त्यांची चूक सुधारतोय असं वाटलं मला. मूर्ख! आता कुणाच्या हातानं तसं घासू?

"आण इकडं," म्हणाले. रंधा दिला, तर मुठीवर ठेवलेली त्यांची बोटं मिटेचनात. मीच एकेक मिटवलं. रंधा त्यांच्या हातात अजून नेमका बसतो.